जुन्या वाहनाच्या पंख्याचा पट्टा : तुटल्याची ओळख व बदलण्याची रीत

(ग्रामस्थ, वाहनचालक व शिक्षक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



खेड्यातील पिठाची गिरणी सर्वांच्या परिचयाची आहे. एका बाजूस इंजिन, दुसऱ्या बाजूस जाते आणि दोहोंच्या मधून फिरणारा तो लांबलचक पट्टा. पट्टा तुटला की इंजिन धडधडत राहते, पण जाते थांबते. दळण घेऊन आलेली मंडळी डबे उचलून घरी जातात आणि नुकसान होते ते एका दिवसाच्या पिठाचे. मोटारीच्या इंजिनापुढे फिरणारा पट्टा तुटला म्हणजेही इंजिन चालूच राहते. इतकेच नव्हे, तर गाडीही पूर्वीच्याच जोमाने पुढे जात राहते. घोटाळा होतो तो नेमका येथेच. गिरणीचे थांबलेले जाते डोळ्यांपुढे असते. मोटारीचा थांबलेला पंप बॉनेटखाली झाकलेला असतो आणि चालकास वाटते, काहीच बिघडलेले नाही.

हा विषय आज घेण्याचे कारण असे की, जुनी वाहने अजूनही पुष्कळ ठिकाणी चालू आहेत. अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, त्याच वर्षी मारुती ८०० चेही थांबले. कुर्ल्याच्या कारखान्यातून येणारी प्रीमियर पद्मिनी त्याच्या कितीतरी आधी बंद झाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सींतूनही ती गेली. पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाल्यामुळे कचेऱ्यांच्या आवारातील जुन्या जीपगाड्याही गेल्या. परंतु खाजगी वाहनास पंधरा वर्षांनंतर तपासणीअंती पाच-पाच वर्षांची मुदत वाढवून मिळते. त्यामुळे बागायतदाराची जीप, एखाद्या संस्थेची जुनी गाडी, घरातील वडीलधाऱ्यांनी जिवापाड जपलेली अ‍ॅम्बॅसडर अथवा फियाट आजही रस्त्यावर दिसते. अशी गाडी अनेकदा वाडीतील एकुलती एक असते. रात्री कोणाच्या छातीत दुखू लागले की दार तिच्याच धन्याचे ठोठावले जाते.

या गाड्यांच्या इंजिनाची रचना साधी आहे. इंजिनाच्या पुढील टोकास तीन चाके त्रिकोणात बसविलेली असतात. त्यांस पुली म्हणतात. खालची पुली इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, म्हणजे क्रँकवर असते व तीच बाकीच्या दोन पुल्यांस फिरविते. वरची पुली पाण्याच्या पंपाची. तिच्याच तोंडाशी पंखा जोडलेला असतो. बाजूची तिसरी पुली डायनामोची अथवा अल्टरनेटरची, म्हणजे वीज तयार करणाऱ्या यंत्राची. या तिघींभोवती एकच रबरी पट्टा फिरतो. बोलीभाषेत त्यास फॅन बेल्ट म्हणतात. नावावरून त्याचे काम केवळ पंखा फिरविण्याचे आहे असा समज होतो. वास्तविक इंजिनात पाणी खेळविणे, पंख्याने ते थंड करणे आणि बॅटरी भरत ठेवणे ही तिन्ही कामे त्या एका पट्ट्यावर अवलंबून असतात.

गिरणीचा पट्टा सपाट असतो, मोटारीचा पट्टा पाचरीसारखा. तो पुलीच्या खाचेत तळाशी टेकत नाही. त्याच्या दोन तिरप्या बाजू खाचेच्या दोन भिंतींत रुततात व त्या रुतण्यातूनच ओढ निर्माण होते. असा पाचरीच्या आकाराचा रबरी पट्टा १९१७ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे जॉन गेट्स यांनी प्रचारात आणला, असे मानले जाते. हा तपशील लक्षात राहिला नाही तरी चालेल. पण पट्टा बाजूंनी धरतो, तळाने नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

इंधनाच्या उष्णतेपैकी जेमतेम चौथा हिस्सा जुन्या पेट्रोल इंजिनात चाके फिरविण्याच्या कामी येतो. ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता पाण्यात उतरते व रेडिएटरमधून हवेत जाते. उरलेली धुराबरोबर निघून जाते. पाण्यात उतरणारा हा तिसरा हिस्सा बाहेर पडला नाही तर तो इंजिनातच साचतो. घाट चढताना हे सर्वांत लवकर घडते. केरीहून चोर्ल्याचा चढ चढणारी अथवा मोलेहून अनमोडकडे निघालेली गाडी खालच्या गिअरमध्ये असते, म्हणजे इंजिनाचे फेरे जास्त आणि गाडीचा वेग कमी. समोरून येणारा वारा नावापुरता. सारी भिस्त पंख्यावर. पट्टा तेथे तुटला तर हाती उरतात ती थोडी मिनिटे.

असे समजू की, सत्तरीतील एका वाडीतून रात्री अकराच्या सुमारास एक जीप रुग्णास घेऊन वाळपईच्या दिशेने निघाली आहे. पुढच्या बाजूने ‘फट्’ असा आवाज आला, काहीतरी बॉनेटच्या पत्र्यावर आपटले आणि पुन्हा शांतता झाली. समोरच्या फळीवर एक लहानसा तांबडा दिवा लागला. चालक मनाशी म्हणतो, “बॅटरी चार्ज होत नसेल, उद्या दाखवू.” रुग्ण मागे कण्हत आहे, थांबणे त्याच्या जिवावर येते. तो चालवीत राहतो. काही अंतरावर जळल्यासारखा वास येतो, इंजिनाची ताकद ओसरते, बॉनेटच्या फटींतून वाफ निघते आणि गाडी अशा ठिकाणी उभी राहते, जेथून ती त्या रात्री पुन्हा हलणार नाही. सिलिंडर हेडचे गॅस्केट गेलेले असते. कदाचित हेडही वाकलेले असते. फियाटच्या घराण्यातील इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे तेथे हा धोका अधिक. तांबडा दिवा लागल्याबरोबर चालक थांबला असता आणि गाडीत दुसरा पट्टा असता, तर इंजिन निवण्याच्या वेळात काम उरकून तो वाळपईस पोहोचला असता. दुसरा पट्टा नसता, तरी दुसरे वाहन मिळविण्यास त्याच्या हाती तेवढा वेळ राहिला असता आणि इंजिन शाबूत राहिले असते.

चालकाची चूक निष्काळजीपणाची नाही. दिव्याचा अर्थ चुकीचा लावल्याची आहे. तो दिवा बॅटरीचा म्हणून ओळखला जातो आणि बॅटरी ही सवडीने पाहण्याची गोष्ट समजली जाते. वस्तुतः त्याची जोडणी मोठी गमतीची आहे. शिक्षकांनी वर्गात सांगावी अशी ती आहे. दोन हौद शेजारी असावेत व तळाशी नळीने जोडलेले असावेत. दोहोंत पाण्याची पातळी सारखी असेल तर नळीतून पाणी वाहत नाही; एक हौद रिकामा झाला की वाहू लागते. बॅटरी हा एक हौद, डायनामो हा दुसरा आणि तांबडा दिवा मधल्या नळीत. डायनामो वीज देत असतो तोवर दोन्ही बाजूंचा दाब सारखा, म्हणून दिवा विझलेला. डायनामो थांबला की बॅटरीतून त्याच्याकडे प्रवाह वाहू लागतो आणि दिवा पेटतो. म्हणजे तो दिवा ‘बॅटरी संपत आली’ असे सांगत नसून ‘डायनामो वीज देईनासा झाला’ असे सांगतो. आणि डायनामो ज्या पट्ट्याने फिरतो त्याच पट्ट्याने पाण्याचा पंपही फिरतो! चालकाने दिव्याकडे पाहून विचारावयाचा प्रश्न बॅटरीचा नाही, पाण्याचा आहे.

दिवा लागला म्हणजे पट्टा तुटलाच असे मात्र नव्हे. डायनामोचे कार्बन झिजले असतील, एखादी तार सुटली असेल. डायनामो असलेल्या गाडीत इंजिन अगदी संथ चालत असता दिवा मिणमिणतो व ॲक्सिलरेटर दाबताच विझतो. तो दोष नाही. पुष्कळ जुन्या जीपगाड्यांत दिव्याऐवजी अ‍ॅमीटर असतो. तेथे काटा उणे बाजूकडे कलंडतो. आणि दिव्याचा बल्बच गेलेला असेल तर कोणतीच सूचना मिळत नाही. यासाठी सकाळी किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तो दिवा पेटतो की नाही हे पाहण्याची सवय असावी. तेव्हा तो पेटलाच पाहिजे.

खरा निवाडा बॉनेट उघडूनच करावा लागतो आणि त्यास एक मिनिट पुरते. गाडी डाव्या बाजूस सपाट जागी घ्यावी, इंजिन बंद करावे, मागील चाकास दगडाची उटी लावावी व विजेरीने पुल्यांकडे पाहावे. पट्टा जागेवर असून ताठ असेल, तर दोष विजेच्या बाजूचा आहे. पाणी खेळते आहे. दिवसा अशी गाडी तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून गॅरेजपर्यंत नेता येते. रात्री मात्र पुढचे दिवे, मागचे दिवे व पेट्रोल गाडीची ठिणगी हे सर्व बॅटरीच्याच शिलकीवर चालते, आणि जुन्या बॅटरीची शिलक कागदावरच्या आकड्यापेक्षा नेहमीच कमी असते. याउलट पट्टा नाहीसा झालेला, पंख्याच्या पात्यांत अथवा क्रँकच्या पुलीपाशी त्याचे सुतासारखे तंतू गुंडाळलेले, किंवा पट्टा सैल होऊन लोंबत असलेला दिसला, तर तेथून गाडी एक फर्लांगही पुढे नेऊ नये.

तापमानाच्या काट्यावर संपूर्ण विश्वास ठेवणाऱ्यांस एक इशारा द्यावयास हवा. काटा पाण्याचे तापमान दाखवितो. पाणी उकळून निघून गेले आणि मापकाचे टोक कोरडे पडले की काटा खाली येऊ शकतो. “गाडी आपोआप थंड झाली,” असे म्हणून चालक समाधान मानतो, आणि इंजिन त्याच वेळी जळत असते.

इंजिन तापलेले असता रेडिएटरचे झाकण उघडू नये. हे सर्वांनी ऐकलेले आहे, तरीही दरवर्षी कोणाचे ना कोणाचे हात-तोंड भाजतेच. कारण असे की, त्या झाकणाने आत दाब राखला जातो व त्यामुळे आतील पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो व पाणी एकदम उकळून वाफेसह उसळते. किमान अर्धा तास थांबावे. नंतर जाड ओले फडके झाकणावर ठेवून, तोंड बाजूला करून, पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे व फुसफुस थांबल्यावर काढावे. थंड पाणी तापल्या इंजिनावर ओतणे किंवा रिकाम्या रेडिएटरमध्ये एकदम भरणे हा दुसरा प्रमाद. तापलेल्या तव्यावर पाणी टाकल्यावर काय होते हे घरातील प्रत्येक स्त्रीस ठाऊक असते. ओतीव लोखंडाचे हेड त्याने तडकते. पाणी इंजिन निवल्यावर, थोडेथोडे घालावे.

आता पट्टा बदलण्याविषयी. परंतु नवा पट्टा हातात घेण्यापूर्वी जुना का तुटला याचा शोध घ्यावा. हा शोध घेतला जात नाही म्हणूनच तीच गाडी महिन्याभरात पुन्हा रस्त्यात उभी दिसते. पट्टा नसताना तिन्ही पुल्या मोकळ्या असतात, ही संधी समजावी. पंखा हाताने फिरवावा, मग डायनामोची पुली फिरवावी. दोन्ही सहज व निःशब्द फिरल्या पाहिजेत. पुली अडकत असेल अथवा बेअरिंगची खरखर ऐकू येत असेल, तर पट्टा स्वतःच्या वयाने मेलेला नाही. अडकलेल्या पुलीवर घासून मेलेला आहे. तेथे नवा पट्टा घातल्यास तो रबर जळण्याचा वास देत काही अंतरातच जाईल. पंखा पुढे-मागे हलवून पाहावा. तो डगडगत असेल व पंपाखाली पाण्याचे ओघळ असतील, तर पंपाचे आयुष्य संपले आहे. पट्ट्यावर तेल गळत असेल तर रबर फुगून मऊ पडलेले असते. पुलीच्या खाचेत बोट फिरवावे. तळ आरशासारखा चकाकत असेल, तर भिंती झिजून पट्टा खाली बसू लागला आहे असे समजावे. वर सांगितलेली पाचरीची गोष्ट येथे उपयोगी पडते. तळाशी टेकलेला पट्टा कितीही आवळला तरी घसरतोच.

पुष्कळदा यांपैकी काहीही नसते. पट्टा केवळ म्हातारा झालेला असतो. वर्षातून चारच महिने बाहेर पडणाऱ्या जीपच्या धन्यास याचे आश्चर्य वाटते, कारण गाडी फारशी चाललेलीच नसते. परंतु रबर चालण्याने झिजते तसे उभे राहण्यानेही वाळते. पट्ट्याची पाठ नवी दिसते, चिरा असतात त्या आतल्या बाजूस. म्हणून इंजिन बंद असता पट्टा बोटांनी पिळून त्याचा आतला भाग पाहावा. आडव्या चिरा, चकाकी आलेल्या कडा, सुटलेले धागे ही बदलण्याची लक्षणे होत. पावसाळ्यात डबक्यातून गाडी गेल्यावर क्षणभर चीं-चीं आवाज होणे क्षम्य आहे. रोज सकाळी इंजिन सुरू होताच तो येत असेल तर पट्टा सैल अथवा निबर झाला आहे.

गिरणीवाले सपाट पट्टा घसरू नये म्हणून त्यास राळ लावतात. ती पाहून काही चालक फॅन बेल्टलाही राळ किंवा साबण लावतात. आवाज तेवढ्यापुरता थांबतो, हे खरे. पण तो आवाज म्हणजे पट्ट्याची तक्रार होती. तक्रार बंद झाली, कारण कायम राहिले.

बाजारात पट्टा मागताना गाडीचे नाव सांगणे पुरेसे नसते. एकाच नावाच्या गाडीत निरनिराळ्या काळी निरनिराळी इंजिने बसविली गेली. शिवाय डायनामो काढून अल्टरनेटर बसविलेल्या जुन्या गाड्या कमी नाहीत व त्यांच्या पट्ट्याची लांबी बदललेली असते. जुन्या पट्ट्याच्या पाठीवर छापलेला क्रमांक हा खरा आधार. ‘ए ३६’ असा क्रमांक असेल तर ‘ए’ हे जाडीचे माप, म्हणजे माथ्याशी सुमारे १३ मिलिमीटर रुंदी, आणि ३६ ही आतल्या बाजूची इंचांतील लांबी. काही पट्ट्यांवर रुंदी व लांबी सरळ मिलिमीटरमध्ये असते. क्रमांक पुसला असेल अथवा पट्टाच हरवला असेल, तर डायनामो त्याच्या सरकण्याच्या वाटेच्या साधारण मध्यावर ठेवून तिन्ही पुल्यांच्या कडांवरून सुतळी गुंडाळावी व ती मोजावी. ही बाहेरची लांबी झाली. ‘ए’ मापाच्या पट्ट्यात ती आतल्या लांबीपेक्षा सुमारे दोन इंचांनी जास्त भरते. दुकानदारास बाहेरचे माप आतले म्हणून सांगितले की घरी आणलेला पट्टा सैल पडतो आणि दोष दुकानदारास दिला जातो. जुना पट्टा ताणून लांबलेला असल्यामुळे नव्याची लांबी त्याहून किंचित कमी भरली तरी ती चूक समजू नये.

प्रत्यक्ष बदलणे फारसे अवघड नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला, किल्ली खिशात. खांद्यावरचा पंचा, गळ्यातील मफलर, साडीचा पदर यांपैकी काहीही इंजिनावर लोंबता कामा नये. आणि इंजिन चालू ठेवून ‘नुसते पाहणे’ तर मुळीच नको. बॅटरीची उणे बाजूची तार सोडवावी, कारण डायनामोजवळ पाना चुकून दोन ठिकाणी टेकला तर ठिणगी उडते. ज्या गाड्यांचा पंखा विजेवर चालतो, तेथे तो अवचित फिरू नये यासाठीही ही खबरदारी आवश्यक आहे.

डायनामो खालच्या बाजूस ज्या बोल्टांवर झुलतो ते थोडे सैल करावेत, पूर्ण काढू नयेत. नंतर वरच्या लांबट खाचेच्या पट्टीवरील बोल्ट सैल करावा. आता डायनामो इंजिनाकडे ढकलला की तो आत सरकतो. पट्टा प्रथम पंख्याच्या एकेका पात्यावरून ओवून मागे घ्यावा, मग खाली क्रँकच्या पुलीत बसवावा, त्यानंतर पंपाच्या पुलीत व अखेरीस डायनामोच्या. तो हाताने बसला पाहिजे. बसत नसेल तर डायनामो पुरेसा आत गेलेला नाही किंवा पट्टा आखूड आहे. स्क्रू-ड्रायव्हरने अथवा टायरच्या टॉमीने उचकटून बसविलेला पट्टा बसतो खरा, पण आतील दोऱ्याचा पदर तेथेच तुटतो व पट्टा काही दिवसांनी त्याच जागी फाटतो. मिस्त्रीची घाई असते, चालकाने तेथे उभे राहून पाहावे.

यापुढचे काम ताण देण्याचे. सारी कसोटी येथे आहे. लाकडाचा एक दांडका इंजिन व डायनामो यांच्यामध्ये घालून डायनामो बाहेरच्या बाजूस दाबून धरावा व पट्टीवरील बोल्ट आवळावा. अल्टरनेटर असल्यास दांडका त्याच्या पुलीकडील भक्कम टोकासच टेकवावा, मधल्या अंगास नव्हे. ते अंग नाजूक असते. मग सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने मध्यम जोराने दाबून पाहावे. पट्टा सुमारे अर्धा इंच लवला म्हणजे ताण योग्य. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. सैल पट्टा घसरतो, तापतो व बॅटरी भरत नाही. पण सैल पट्ट्याचे दुष्परिणाम लवकर दिसत असल्यामुळे लोक दुसऱ्या टोकास जातात आणि तो तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणतात. अतिताणाने पंपाचे व डायनामोचे बेअरिंग खाल्ले जाते. पट्टा थोडक्या पैशांत येतो. त्याला वाचविण्याच्या नादात त्याच्या कितीतरी पट किमतीचा पंप जातो.

खालचे बोल्ट आवळून, तार जोडून, पाणी भरून इंजिन सुरू करावे. तांबडा दिवा विझला पाहिजे, पट्टा एका रेषेत फिरला पाहिजे. तेलाची कांडी काढून पाहावी. तेल दुधी दिसत असेल तर पाणी तेलात उतरले आहे व तो विषय गॅरेजचा आहे. नवा पट्टा पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरांत थोडा सैल पडतो, तेव्हा ताण एकदा पुन्हा पाहावा लागतो.

पट्टा जवळ नसताना दोरी, काथ्या किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून गाडी आणल्याच्या गोष्टी चालक मोठ्या अभिमानाने सांगतात. त्यांतील काही खऱ्याही असतात. डायनामो सोडून केवळ क्रँक व पंप यांभोवती बांधलेली दोरी संथ गतीने थोडे अंतर काढून देते. पण गाठ पुलीत अडकते, दोरी तुटून पंख्यात जाते आणि पंख्याचे पाते रेडिएटरमध्ये घुसल्याची उदाहरणेही त्याच अड्ड्यांवर ऐकू येतात. ती मात्र अभिमानाने सांगितली जात नाहीत. त्याहून वाईट म्हणजे घाट उतरताना “इंजिन तापते, बंदच करून सोडू,” असा विचार करणे. काही डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीशी जोडलेला असतो. पट्टा तुटला की त्याचीही मदत संपते. दोन-तीनदा पाय दाबल्यावर ब्रेकचे पेडल दगडासारखे कठीण होते. अशा गाडीचा दिवा चोर्ल्याच्या उतारावर लागला, तर पाण्याची चिंता दुसरी. पहिल्याने खालच्या गिअरमध्ये राहून, ब्रेक पुन्हापुन्हा न सोडता, गाडी कडेला उभी करावी.

आतापर्यंत जे सांगितले ते बाहेरच्या पट्ट्याविषयी. त्याच्याशी ज्याची गल्लत होते असा दुसरा पट्टा काही गाड्यांत झाकणाखाली असतो. त्यास टायमिंग बेल्ट म्हणतात. १९६२ मध्ये जर्मनीतील ग्लास कंपनीने असा दातेरी पट्टा मोटारीत प्रथम आणला. आपल्याकडे तो घरोघरी पोहोचला मारुती ८०० मुळे. जुन्या पेट्रोल अ‍ॅम्बॅसडरमध्ये, पद्मिनीत व जुन्या जीपमध्ये त्या कामासाठी साखळी किंवा दातेरी चाके असतात. तेथे हा पट्टा नाही. ओळखण्याची खूण अगदी निराळी आहे. बाहेरचा पट्टा तुटल्यावर इंजिन चालू राहते. आतला तुटल्यावर ते तत्काळ, दिवा विझावा तसे, बंद पडते. स्टार्टर मारल्यास इंजिन नेहमीपेक्षा हलके व भराभर फिरते, पण उचल घेत नाही. तेथे पुनःपुन्हा स्टार्टर मारू नये. काही इंजिनांत झडपा व दट्ट्या एकमेकांवर आपटून झडपा वाकतात. डिझेल इंजिनात तर ही भीती विशेषच. हे काम रस्त्यावरचे नव्हे. तो पट्टा पुस्तिकेत दिलेले किलोमीटर अथवा वर्षे, जे आधी भरेल तेव्हा, तुटण्याची वाट न पाहता बदलावा.

गाडीत एक जादा फॅन बेल्ट व त्या बोल्टांना लागणारे दोन पाने असावेत, हे बहुतेकांना मान्य असते. असतोही. पण तो घेतल्यापासून डिकीत जॅकखाली दडपलेला, तेलाने माखलेला, घडी मोडलेला असतो, आणि रात्री घाटात प्रथमच बसवून पाहिल्यावर दोन बोटे आखूड निघतो. यासाठी नवा पट्टा आणल्यावर तो त्याच दिवशी गाडीवर चढवावा, आणि उतरविलेला जुना पट्टा धड असल्यास तोच धुऊन, कोरडा करून, वेटोळे करून कापडी पिशवीत आसनाखाली ठेवावा. तो त्या गाडीला बसतो याची खात्री झालेली असते. हे काम अंगणात, दिवसाउजेडी, घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलास किंवा मुलीस शेजारी उभे करून एकदा करावे. बोल्ट कोणता सैल करावयाचा व पाना कोणता लागतो हे तेव्हा त्यांच्याही हातास कळते.